सांबऱ्याची धावपट्टी, एअरमन आणि मालवाहू विमानाचा पायलट

बेळगावपासून पूर्वेला दहाएक किलोमीटरवर सांबरा. सकाळी धुकं विरलं की प्रशिक्षणाची छोटी विमानं धावपट्टीला चाकं टेकवतात, न थांबता परत उचलतात आणि शिवारावरून एक फेरी मारून पुन्हा तेच करतात. भांगलणीला बसलेल्या बायका आता मान वर करून बघतही नाहीत. ही विमानं आल्यापासून बारावीच्या पोरांच्या घरात एक प्रश्न निघतो: मिलिटरीत न जाता मालवाहू विमानाचा पायलट होता येतं का? उत्तर सरळ आहे, येतं. पण बेळगावात हा प्रश्न ‘मिलिटरीत न जाता’ अशा शब्दांनी का सुरू होतो, ते समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं.

सांबऱ्याचा विमानतळ 1942 साली ब्रिटिश हवाई दलानं युद्धासाठी बांधला. युद्ध संपलं, हवाई दल राहिलं. शहरात मराठा रेजिमेंटचं केंद्र आधीपासून होतंच. खानापूर, चिक्कोडी, निपाणीकडच्या गावांत भरतीच्या तारखा सणांसारख्या पाठ असतात. अशा मुलखात ‘विमान’ म्हटलं की पुढचा शब्द ‘एअर फोर्स’ हाच येणार.

आणि इथेच खरा गुंता आहे. सांबऱ्याला जी हवाई दलाची शाळा आहे ती एअरमनची. ‘एअरमन’ शब्दात हवाही आहे आणि माणूसही, त्यामुळे गावात त्याचा अर्थ पायलट असाच लागतो. “पोरगा एअर फोर्सात हाय की ओ, विमान चालवूलालाय,” असं एखादी आई अभिमानानं सांगते आणि पोरगा गप्प बसतो. त्याचं काम इंजिनाचं, रडारचं, दारूगोळ्याचं किंवा भांडाराचं असतं. एअरमन म्हणजे हवाई दलातला अधिकारी नसलेला जवान. काही एअरमन उडतातही: वाहतूक विमानाच्या पोटात माल बसवणारा, त्याचा तोल सांभाळणारा लोडमास्टर त्यांच्यातूनच येतो. पण कॉकपिटमध्ये बसून विमान उडवणारा अधिकारी असतो आणि त्याची वाट वेगळी: बारावीनंतर एनडीए, पदवीनंतर सीडीएस ही तिन्ही दलांच्या अधिकारी-भरतीची परीक्षा किंवा हवाई दलाची स्वतःची परीक्षा. त्या अधिकाऱ्यांचं उड्डाण-प्रशिक्षण सांबऱ्याला होत नाही. जून 2023 मध्ये अग्निवीरवायूंची, म्हणजे चार वर्षांसाठी घेतलेल्या हवाई दलाच्या जवानांची, पहिली तुकडी इथून बाहेर पडली तेव्हाही नातेवाइकांच्या स्टेटसवर ‘आमचा पायलट’ झळकलंच. चार वर्षांची ती नेमणूक संपल्यावर मुलाला वैमानिकाच्या परवान्यासाठी पहिल्या पायरीपासूनच चढावं लागेल. हे भरतीच्या आधी कोणी समजावत नाही, याचा राग यावा अशी परिस्थिती आहे.

दुसरा गैरसमज मोबाइलवरून येतो: मालवाहू विमानाला लष्करातलाच किंवा 1500 तास उडालेलाच वैमानिक लागतो. ‘लष्करी की मुलकी’ हा वाद मुळात अमेरिकेतला. तिथली आज सर्वांत मोठ्यांत गणली जाणारी मालवाहू कंपनी 1973 साली मेम्फिसहून 14 छोट्या जेट विमानांनी सुरू झाली, तीही एका माजी मरीन अधिकाऱ्याच्या हातून. व्हिएतनामहून परतलेल्या लष्करी वैमानिकांची तेव्हा कमी नव्हती. मुलकी वैमानिकासाठी दुसरी शिडी होती: एका इंजिनाचं सेसना कॅरॅव्हॅनसारखं छोटं विमान घेऊन रात्री लहान गावांची पार्सलं मोठ्या तळावर आणायची, उड्डाणाचे तास जमवायचे, मग मोठ्या विमानाकडे सरकायचं. 2009 च्या बफेलो शहराजवळच्या विमान अपघातानंतर तिथे सहवैमानिकालाही 1500 तासांची अट लागली. 2013 पासून ती अंमलात आहे, आणि लष्करी वैमानिकाला मात्र 750 तासांत सूट मिळते. हे वाचून आपली पोरं घाबरतात. भारतात व्यावसायिक परवाना 200 तासांवर मिळतो आणि तेवढ्यावर जेटच्या उजव्या खुर्चीत, म्हणजे सहवैमानिक म्हणून, बसता येतं. 1500 तास लागतात ते पुढच्या परवान्याला, म्हणजे कॅप्टन व्हायला. लष्करी सेवेची अट कुठेच नाही.

आपल्याकडची मालवाहतूक टपालापासून सुरू झाली. 1932 च्या ऑक्टोबरात कराचीहून मुंबईला पत्रांच्या पिशव्या घेऊन येणारा वैमानिक मुलकी परवान्याचा होता, आणि पुढे तेच विमान बळ्ळारीमार्गे मद्रासला नेणारा त्याचा सहकारी ब्रिटिश हवाई दलातून आलेला. दोन्ही वाटा पहिल्याच दिवशी एका विमानात होत्या. 1949 पासून चार महानगरांची टपाल विमानं मध्यरात्री नागपुरात जमून पिशव्यांची अदलाबदल करून परतत. 1953 मध्ये खासगी विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि मुलकी वैमानिकाला सरकारी नोकरीखेरीज फारसं काही उरलं नाही.

खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडलं 1990 मध्ये, तेही आधी मालासाठी. 1996 ला एका कुरियर कंपनीची बोइंग 737 विमानं रात्री उडू लागली. 2009 मध्ये कर्नाटकातल्याच एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यानं नागपूर हाच तळ धरून मालवाहू कंपनी काढली. मोठी एअरबस आणि पंख्यांची एटीआर, दोन्ही तिच्या ताफ्यात होती. नवशिक्याला माल वाहत तास जमवता येतील अशी ती एटीआरची पायरी टिकली असती तर आज चित्र वेगळं असतं. 2011 पर्यंत कंपनी बंद पडली. अमेरिकेतली ती मधली पायरी आपल्याकडे त्यानंतर नीट उभी राहिलेली नाही.

म्हणून इथला रस्ता प्रवासी विमानातून जातो. एअरबस ए-320 चं टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान उडवायची खास परवानगी, असलेल्याला मालवाहू ए-321 साठी वेगळं रेटिंग लागत नाही. 2022 पासून देशातल्या सर्वांत मोठ्या प्रवासी कंपनीकडेही अशी विमानं आहेत. 737 चंही तसंच. आधी प्रवासी, मग माल, हा क्रम बहुतेकांना घ्यावा लागतो.

पैशाचं काय? परवान्यापर्यंत पन्नास लाखांच्या आसपास, टाइप रेटिंगचे वेगळे. तीन एकर रान असलेल्या घरानं हा हिशेब बँकेच्या दारात जाण्याआधी करावा. त्यात फिजिक्स-मॅथ्सची अट. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत दहावी पासही चालत असे, मग बारावीला हे दोन विषय सक्तीचे झाले. कॉमर्सची पोरं नंतर मुक्त विद्यालयातून तेवढे दोन विषय देऊन येतात. ही अट काढायच्या हालचाली 2025 मध्ये सुरू झाल्या, आणि माझ्या मते त्या तीस वर्षं उशिरा झाल्या.

2021 मध्ये केंद्रानं उड्डाण-प्रशिक्षणासाठी पाच विमानतळ निवडले: बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो, लीलाबारी. सांबऱ्याच्या वाट्याला दोन संस्था आल्या. मे 2023 मध्ये इथल्या एका प्रशिक्षण विमानाला होनिहाळजवळ शेतात उतरावं लागलं, तेव्हा कुठे आजूबाजूच्या गावांना कळलं की ही विमानं हवाई दलाची नाहीत.

मालाचं म्हणाल तर हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात, उद्यमबागेत ओतकाम होतं, रोजची भाजी चोर्ला घाटातून गोव्याला जाते. हे सगळं ट्रक आणि टेम्पोतून.