दमट उष्ण हवेतील सायकलिंग आणि कर्बोदके (कोकण किनारा)

दोन तासांपेक्षा लांबच्या सायकलिंगमध्ये स्वाराने वाटेत किती साखर किंवा पिष्ट घ्यावे, यावर क्रीडापोषणात बरेच संशोधन झाले आहे. त्यातले बरेचसे आकडे मध्यम तापमानाच्या प्रयोगशाळांत मोजलेले आहेत. कोकणात ते जसेच्या तसे वापरता येत नाहीत, कारण इथल्या हवेत शरीर साखर जास्त जाळते आणि पोट मात्र ती कमी घेते.

माणसाच्या स्नायूंत साधारण 300 ते 500 ग्रॅम आणि यकृतात 80 ते 100 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, असते. जोरात सायकल मारली तर हा साठा दोन-तीन तासांत तळाला जातो. यकृतातला साठा संपला की रक्तातली साखर उतरते, डोके हलके होते, पाय पेडलवर नुसते फिरत राहतात. सायकलवाले याला ‘बाँक’ म्हणतात. 1960च्या दशकात स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन यांनी स्नायूचे बारीक तुकडे काढून हा साठा मोजला. पुढे 1986मध्ये एडवर्ड कॉयल आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात नुसते चवीचे पाणी पिणारे सायकलपटू सुमारे तीन तासांत थकले, तर साखर घेणारे चार तास टिकले.

मात्र साखर हवी तेवढी ओतून चालत नाही. लहान आतड्यातली ग्लुकोज शोषण्याची वाट तासाला सुमारे 60 ग्रॅमला भरते. फ्रुक्टोजची (फळांतल्या साखरेची) वाट वेगळी आहे, म्हणून दोन्ही मिळून घेतल्यास, आणि पोटाला तशी सवय लावली असल्यास, तासाला 90 ग्रॅमपर्यंत मजल जाते. घरातल्या साखरेत ही दोन्ही निम्मी निम्मी असतात आणि गुळातही मुख्यतः तीच साखर असते.

आता हवेकडे वळू. मे महिन्यात रत्नागिरीचे कमाल तापमान 33 अंशांच्या आसपास असते. विदर्भातल्या माणसाला ते किरकोळ वाटेल, पण खरा त्रास दमटपणाचा आहे. पेडलमागे खर्च झालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम 20 ते 25 टक्के चाकाला मिळते, बाकीची उष्णता होते. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते, पण इथे तो सुकतच नाही, कोपरावरून ठिबकतो. मग शरीर जास्तीत जास्त रक्त त्वचेकडे पाठवते आणि आतड्याच्या वाट्याला कमी येते. 2002मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 16 अंशांच्या तुलनेत 35 अंशांना प्यायलेली साखर सुमारे 10 टक्के कमी वापरली गेली आणि स्नायूंतले ग्लायकोजेन जास्त जळले. न शोषलेली साखर पोटात डचमळत राहते. मळमळ येते ती बऱ्याचदा त्यामुळेच. फार तीव्र उष्णतेत तर इंधन शिल्लक असतानाच शरीराच्या वाढलेल्या तापमानामुळे स्वार थांबतो. तिथे साखर कामाची नाही, वेगच कमी करावा लागतो.

किनाऱ्याचा रस्ता या अडचणीत भर घालतो. रेवस-रेडी मार्गावर खाडीपासून सड्यापर्यंत (वरच्या कातळ पठारापर्यंत) चढ, पुन्हा खाली उतार, असे दिवसभर चालते. चढ छोटे पण उभे असतात आणि अशा जोराच्या झटक्यांत ग्लायकोजेनच जळते. आगरदांडा-दिघी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ इथे फेरीबोटीची वाट पाहावी लागते. ती वेळ खाण्यासाठी सर्वांत चांगली: सावली असते, नाडी उतरते, पोटाला पुन्हा रक्त मिळते.

घाटाखालचे खाणे यासाठी उत्तम आहे, फक्त त्याची पारख हवी. निघण्याआधी मीठ घातलेली तांदळाची पेज चांगली. वाटेत केळे (मध्यम आकाराच्या एकात सुमारे 25 ग्रॅम कर्बोदके), खजूर किंवा आंबापोळी घ्यावी. ती उन्हात चॉकलेटसारखी वितळत नाही. सरबत लिटरला 60 ग्रॅम साखर आणि पाव चमचा मीठ इतपत पातळ ठेवावे. त्यासाठी गोड अमृत कोकम घ्यावे, कारण सोलकढीच्या आगळात (कोकमाच्या खारट अर्कात) साखर नसते. शहाळ्याबद्दल मात्र गैरसमज मोठा आहे. त्यात 100 मिलीला तीन-चार ग्रॅमच साखर असते. पोटॅशियम भरपूर, मिठातले सोडियम थोडे. पाच तास घाम गाळून नुसते शहाळे आणि पाणी पीत राहिल्यास रक्तातले सोडियम घसरू शकते, आणि ते जिवावर बेतू शकते. जलसंजीवनीत (ओआरएस) सोडियम असते, कारण आतड्यात ग्लुकोज सोडियमच्या जोडीनेच आत शिरते. 1971मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर असंख्य कॉलरारुग्ण वाचवले. पण तिच्यात लिटरला 13.5 ग्रॅमच ग्लुकोज असते, म्हणून इंधन म्हणून ती अपुरी पडते.

शरीराला उष्णतेची सवय व्हायला 10 ते 14 दिवस लागतात आणि ती झाल्यावर ग्लायकोजेनचा उपसा कमी होतो. शुक्रवारी रात्री पुण्याहून उतरून शनिवारी पहाटे सायकलवर बसणाऱ्याला ती सवय नसते. त्याने तासाला 40 ते 60 ग्रॅमवरच थांबावे, दर 15-20 मिनिटांनी थोडे थोडे घ्यावे, आणि पहिला घास भूक लागायच्या आधी, पहिल्या अर्ध्या तासातच खावा.