सात दिवसांत पाच किलो: नेमके उतरते काय?

‘सात दिवस फक्त सूप आणि काकडी, पाच किलो चरबी गायब’ हा दूरचित्रवाणीवरील आरोग्यतज्ज्ञांच्या हवाल्याने फिरणारा संदेश नाशिकच्या कौटुंबिक ग्रुपवर वर्षानुवर्षे येत असतो. काट्यावरचा आकडा खरोखर उतरतो, त्यामुळे विश्वास बसणे स्वाभाविक आहे. मात्र उतरते ती बहुतांशी चरबी नसते.

शरीरातील एक किलो चरबीत सुमारे 7,700 किलोकॅलरी ऊर्जा असते. रोज 2,000 किलोकॅलरी खर्च करणाऱ्याने 800च घेतल्या, तर आठवड्याची तूट 8,400 होते, म्हणजे चरबी जेमतेम एक किलो. उरलेली घट मुख्यतः पाण्याची असते, कारण यकृतात व स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या (शर्करेच्या साठ्याच्या) प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असते आणि उपासमारीत हा साठा लवकर संपतो. आतड्यांतील अन्न कमी होते, थोडे स्नायूही झिजतात, आणि ही झीज खरे तर अधिक काळजीची आहे.

पडताळा घरीच घेता येतो. सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी वजन करावे आणि शिवणकामाच्या टेपने बेंबीपाशी घेर मोजावा. नेहमीची भाकरी-भाजी (रविवारची मिसळ तर वेगळीच) सुरू झाली की दोन-तीन दिवसांत काटा पुन्हा चढू लागतो. तेवढ्यात दोन किलो चरबी साठायला 15,000 किलोकॅलरी जादा खाव्या लागल्या असत्या. परतते ते मुख्यतः पाणीच.

इतका कमी आहार डॉक्टर काही रुग्णांना देतात, पण देखरेखीखाली, कारण झपाट्याने वजन घटल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि इन्सुलिन घेणाऱ्यांची रक्तशर्करा धोकादायकरीत्या खाली येऊ शकते.