टोमॅटोत माशाचा जीन नाही

दादरच्या मंडईत परवा एक काकू भाजीवाल्याला म्हणाल्या, "हे कडक सालीचे नकोत रे, यात माशाचा जीन असतो." व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरणारा हा मेसेज साफ खोटा आहे. तसा टोमॅटो अमेरिकेत १९९१ च्या सुमारास प्रयोगापुरता झाला, बाजारात कधी आलाच नाही. आपल्याकडे तर जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, टोमॅटोच्या लागवडीला परवानगीच नाही.

मग रोगाला दाद न देणारं वाण येतं कुठून? टोमॅटोच्याच रानटी भावंडांकडून. पांढरी माशी जो विषाणू पसरवते, त्याने पानं आकसतात, झाड खुरटतं; दक्षिण अमेरिकेतल्या काही रानटी जाती त्याला पुरून उरतात. कळी उमलण्याआधी चिमट्याने तिचे पुंकेसर काढायचे, रानटी जातीच्या झाडाचे पराग लावायचे, आणि पुढच्या कित्येक पिढ्या निवड करत राहायचं. फार चिकाटीचं काम आहे हे! बंगळुरूच्या संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' हा संकरित टोमॅटो असाच तीन रोगांशी झुंजतो. कडक उन्हात पराग निकामी होऊन फुलं गळतात. तेव्हाही फळ धरणारी झाडं निवडून उष्णता सोसणारी वाणं घडवतात.

आणि ती कडक साल? नारायणगावहून वाशीपर्यंत क्रेटमध्ये फळ फुटू नये म्हणून निवडलेली.