अर्धा कप घाम

तापमान उणे पंधरा. सॅक पाठीवर चढवून चालायला सुरुवात केली की पहिली दहा मिनिटं दात वाजत राहतात. मग चढ लागतो आणि अंगात बरं वाटू लागतं. आणखी वीस मिनिटांनी सॅकच्या पट्ट्यांखाली, पाठीच्या पन्हाळीत ओल जाणवते. जाकीट काढायला हवं हे कळत असतं, पण त्यासाठी थांबून सॅक उतरवावी लागणार, म्हणून आपण तसंच चालत राहतो. मोजक्या पैशांत, साध्या सामानावर हिवाळ्यात बर्फाळ प्रदेश फिरणाऱ्याची रात्र बहुतेकदा इथेच बिघडते, ते मात्र मुक्कामावर पोहोचल्यावर कळतं.

हिशेब करून पाहू. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर साधारण ९० वॅट उष्णता देतं, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बइतकी. ओझं घेऊन चढताना ती चार-पाच पट होते, कारण स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा प्रत्यक्ष कामाला लावतात आणि उरलेली सगळी उष्णताच होते. ही जास्तीची उष्णता बाहेर टाकायला घाम हा शरीराचा मोठा उपाय आहे. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. चढावर हे हवंच असतं. पण कपड्यांत मुरलेला घाम आपण थांबल्यावरही वाळतच राहतो. अर्धा कप, म्हणजे १०० मिलिलिटर घाम वाळायला २४० किलोज्यूल लागतात. स्वस्थ बसलेलं शरीर पाऊण तासात जेवढी उष्णता तयार करतं, तेवढी ही झाली. ती सगळीच अंगातून जाते असं नाही, पण बरीच जाते.

दुसऱ्या बाजूने पाहा. झोपताना एक लिटर गरम पाण्याची बाटली स्लीपिंग बॅगेत घेतली आणि ते पाणी रात्रीतून ८५ अंशांवरून ३० अंशांवर आलं, तर ती आपल्याला २३० किलोज्यूल देते. म्हणजे इंधन जाळून, बर्फ वितळवून कमावलेली बाटलीभर ऊब आणि चढावर गाळलेला अर्धा कप घाम यांची जवळपास फिटंफाट होते. म्हणून चालायला लागताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, असं जाणते गिर्यारोहक सांगतात. निघतानाच ऊबदार वाटत असेल तर अंगावर एक थर जास्त आहे, असं खुशाल समजावं. या शिस्तीला एक पैसाही लागत नाही, आणि माझ्या मते महागड्या जाकिटापेक्षा तिची किंमत जास्त आहे.

जाकीट तरी काय करतं? ऊब शरीरच तयार करतं. कपडा ती अडवतो, आणि तेही धाग्यांनी कमी, धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेने जास्त. हलायला जागा नसलेली हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. पाणी तिच्यापेक्षा सुमारे २४ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. हवेच्या जागी ओल शिरली की कपडा जाड दिसतो, पण त्याचं काम संपलेलं असतं. सुती कापड इथे सगळ्यात आधी दगा देतं. ते पाणी पिऊन अंगाला चिकटतं आणि लवकर वाळत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा धाग्यात मुरवूनही अंगाला कोरडी लागते. पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ शोषतच नाही. जुना लोकरीचा स्वेटर, त्याच्या आत साधा पॉलिएस्टरचा टी-शर्ट आणि वरून वारा अडवणारं पातळ विंडचीटर, एवढ्यावर चालतानाचं काम छान भागतं. मुक्कामासाठी एक जाड थर सॅकमध्ये कोरडा जपून ठेवायचा.

सैलपणाही महत्त्वाचा. बुटात दोन जाड मोजे कोंबले की दोन्हींमधली हवा चेपली जाते, रक्तपुरवठा अडतो आणि बोटं आधीपेक्षा लवकर गारठतात. १९९१ साली आल्प्समध्ये सापडलेल्या सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या हिममानवाच्या, ओत्झीच्या, बुटांत ऊब धरायला वाळलेलं गवत भरलेलं होतं. थांबलेली, कोरडी हवा! तत्त्व तेव्हाही हेच होतं.

विंडचीटरचं महत्त्व कळायला एक जुना प्रयोग आठवावा. पॉल सायपल आणि चार्ल्स पासेल या अमेरिकी संशोधकांनी १९४० च्या सुमारास अंटार्क्टिकात प्लास्टिकच्या नळकांड्यात पाव किलो पाणी भरून ते वाऱ्यात टांगलं आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं. वारा जितका जोराचा, तितकं पाणी लवकर गोठे. त्यातून वाऱ्यामुळे थंडी किती जास्त लागते ते सांगणारा ‘विंड चिल’ हा आकडा आला. २००१ मध्ये तो सुधारताना स्वयंसेवकांना थंड वाऱ्याच्या बोगद्यात चालवून त्यांच्या चेहऱ्यावरून जाणारी उष्णता मोजली गेली. या नव्या सूत्रानुसार उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखं लागतं. एक पातळ, वारा न शिरू देणारं कापड यातला बराचसा फरक पुसून टाकतं.

रात्री मात्र वाऱ्यापेक्षा जमीन जास्त छळते. स्लीपिंग बॅगेचा खालचा भाग आपल्याच वजनाने चेपला जातो, त्यातली हवा निघून जाते आणि पाठ थेट बर्फाशी व्यवहार करू लागते. म्हणून पैसे मोजकेच असतील तर बॅगेआधी खालच्या मॅटचा विचार करावा. मॅटची उष्णता अडवण्याची क्षमता ‘आर’ या आकड्यात मोजतात. साध्या फोमच्या मॅटचा आर दोनच्या आसपास असतो, आणि बर्फावर झोपायला पाच किंवा जास्त हवा असं मानतात. या आकड्यांची बेरीज होते, हे त्यातलं सोपं गणित. एकावर एक दोन फोम मॅट, पायांखाली रिकामी सॅक, पाठीखाली दोराची चपटी गुंडाळी, असं जोडत गेलं की मजल मारता येते. फोम पंक्चरही होत नाही. दोन साध्या बॅगा एकात एक घालूनही चालतं, फक्त बाहेरची मोठी असावी, नाहीतर ती आतलीला चेपते.

पाण्याचं गणित वेगळंच. उणे २० अंशांचा एक किलो बर्फ वितळवून शून्य अंशाचं पाणी करायला सुमारे ३७५ किलोज्यूल लागतात, आणि तेच पाणी पुढे उकळायला सुमारे ४२०. म्हणजे बर्फाखाली वाहतं पाणी सापडलं तर जवळजवळ निम्मं इंधन वाचतं. गॅसचा डबा घेताना आत काय भरलंय ते वाचावं. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायूच होत नाही, त्यामुळे नुसत्या ब्युटेनचा डबा कडाक्याच्या थंडीत निव्वळ ओझं ठरतो. आयसोब्युटेन उणे १२ पर्यंत आणि प्रोपेन उणे ४२ पर्यंत साथ देतो. मिश्रणातला प्रोपेन आधी संपतो, म्हणून अर्धा वापरलेला डबा पहाटे रुसतो. तो रात्री बॅगेत घेऊन झोपावं. आणि कितीही गारठलो तरी बंद तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही. स्टोव्हमधून निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. झोप येतेय असं वाटत असतानाच माणूस जातो.

थंडी खरोखर वरचढ झाली की ती बोलण्यात आणि बोटांत दिसते. सोबतीचा शब्द अडखळतो, त्याला साधी चेन लावता येत नाही, तो विनाकारण चिडतो. कापरं भरलेलं असेपर्यंत शरीर झगडतंय. ऊब न मिळताच ते थांबलं तर परिस्थिती गंभीर आहे. बोटं दुखायची थांबली, पांढरी आणि मेणासारखी दिसू लागली, तर तो हिमदंश असू शकतो. तिथे चोळायचं नाही, बर्फाने तर मुळीच नाही.

आता पुन्हा अर्धा कप. झोपेत आपण दर मिनिटाला सहा-सात लिटर हवा घेतो आणि सोडतो. आत येते ती कोरडी, बाहेर जाते ती बाष्पाने भरलेली. आठ तासांत साधारण शंभर ग्रॅम पाणी श्वासावाटे निघून जातं. नाक गारठलं म्हणून तोंड बॅगेत खुपसलं की हे पाणी बॅगेच्या आत मुरतं, आणि दुसऱ्या रात्री तीच बॅग आदल्या रात्रीपेक्षा थंड वाटते. म्हणून तोंड बाहेर ठेवायचं आणि नाकावर मफलर घ्यायचा. पहाटे विजेरीच्या उजेडात बॅगेच्या तोंडाशी पांढऱ्या बारीक सुयांची झालर दिसते. ती वितळायच्या आत, हातमोज्यांसकट हाताने, तंबूच्या दाराबाहेर झटकून टाकायची. दुपारी ऊन पडलं की बॅग उलटी करून सॅकवर तासभर पसरायची. त्या गारठ्यातही उरलेला बर्फ पाणी न होता थेट हवेत उडून जातो.