तृणधान्यांच्या विविध अवयवांतील प्रकाशसंश्लेषण

गहू, भात, ज्वारी, बाजरी, मका या पिकांत पानांखेरीज ताट (खोड), ओंबी किंवा कणीस आणि कोवळा दाणा यांतही हरितद्रव्य असते. शालेय पुस्तके अन्ननिर्मितीचे बहुतेक श्रेय पानाला देतात; दाणा भरण्याच्या काळात मात्र हा हिशेब अपुरा पडतो.

पुणे जिल्ह्यात प्रकाशसंश्लेषणाचे सी-३ आणि सी-४ हे दोन्ही प्रकार शेतात दिसतात. मावळ-मुळशीतला भात आणि बागायती गहू सी-३ गटातले, म्हणजे कार्बन आधी तीन कार्बनी संयुगात बांधणारे. कार्बन पकडणारे त्यांचे रुबिस्को हे विकर कार्बन डायऑक्साइडऐवजी काही वेळा ऑक्सिजनच पकडते आणि उष्म्यात हा तोटा वाढतो. शिरूर-इंदापूरकडची ज्वारी-बाजरी सी-४ गटातली. तिच्या पानात कार्बन आधी चार कार्बनी आम्लात बांधला जातो, मग शिरांभोवतीच्या पेशींत पोहोचवून तिथे रुबिस्कोच्या हवाली होतो. मका याच गटातला. पण त्याच्या कणसावरच्या हिरव्या आवरणांत शिरा लांब लांब असल्याने शिरांपासून दूरच्या पेशी सी-३ पद्धतीनेच काम करतात. एकाच झाडात दोन्ही पद्धती नांदतात त्या अशा.

पोटरीच्या (ओंबी पानाच्या आवरणात भरते त्या अवस्थेच्या) सुमारास बाहेर पडणारे शेवटचे पान म्हणजे ध्वजपर्ण. गव्हात दाण्याला साखर पुरवणाऱ्या पानांत ते प्रमुख असते. पण पाणी तुटले की ते लवकर पिवळे पडते, आणि ओंबी त्यानंतरही काही काळ हिरवी राहते. तिला वरचे ऊनही आयते मिळते. गव्हाचे कुसळ आडवे कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यास हरित ऊतीचे दोन पट्टे आणि त्यांवरची रंध्रे (हवेची देवाणघेवाण करणारी सूक्ष्म छिद्रे) दिसतात. भाताच्या कुसळात अशी ऊती नसते, म्हणून गव्हाचा नियम भाताला सरसकट लावता येत नाही. गव्हाच्या दाण्यावरच्या तुसांच्या आतल्या बाजूलाही रंध्रे असतात. दाण्याच्या श्वसनातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड तिथेच पुन्हा पकडला जातो.

हुरड्याचा हिरवा रंग फळावरणातल्या, म्हणजे दाण्याच्या बाहेरच्या थरातल्या, हरितद्रव्याचा. गहू-सातूच्या कोवळ्या दाण्यात हा थर आतला कार्बन वाया जाऊ देत नाही, शिवाय भरणाऱ्या दाण्याला ऑक्सिजन पुरवतो. गव्हाच्या या थरात सी-४ पद्धत चालते, हा दावा वादग्रस्त आहे.

दाणा भरण्यात ओंबीचा वाटा नेमका किती, यावर एकमत नाही. अंदाज एक-दशांशापासून निम्म्याहून अधिकपर्यंत जातात, कारण मोजण्यासाठी ओंबी झाकली की ताटातली साठवलेली साखर तूट भरून काढते आणि आकडा फसवा ठरतो.

ताटाचे स्वतःचे प्रकाशसंश्लेषण थोडे. त्याचे महत्त्व कोठार म्हणून. रब्बी ज्वारी जमिनीतल्या साठलेल्या ओलीवर वाढते. ओल संपून पाने वाळली की कणीस ताटातली साखर ओढून घेते, ताट पोकळ-कमकुवत होते आणि खडखड्या या ताट कुजवणाऱ्या बुरशीजन्य रोगाला बळी पडून पीक लोळते. उशिरापर्यंत पाने हिरवी ठेवणाऱ्या वाणांत हा धोका कमी असतो, आणि कडबाही चांगला मिळतो.