दूरस्थ नोकरीच्या आधारे परदेशी निवास परवाना

नोकरी मायदेशातल्या कंपनीची, पगारही तिथलाच, पण राहणे दुसऱ्या देशात, अशा व्यक्तीला त्या दुसऱ्या देशाने दीर्घ मुदतीसाठी दिलेली राहण्याची कायदेशीर परवानगी. बोलण्यात तिला सरसकट ‘डिजिटल नोमॅड व्हिसा’ म्हणतात. नाव फसवे आहे. समुद्रकिनारी लॅपटॉप उघडून बसलेला भटक्या हे जाहिरातीतले चित्र. प्रत्यक्षात अर्जदाराकडे राहत्या जागेचा पुरावा, पोलिसांचा दाखला, आरोग्य विमा, पगाराच्या पावत्या आणि बँकेचा उतारा मागतात. म्हणजे भटके नसल्याची खात्री पटल्याशिवाय हा परवाना मिळत नाही.

पुण्या-मुंबईच्या आयटी क्षेत्रात परदेशी जाण्याची रुळलेली वाट म्हणजे ‘ऑनसाइट’. तिथे कंपनी माणसाला पाठवते, व्हिसाचे कागद कंपनीचे लोक करतात, परतीची तारीखही बहुधा कंपनीच ठरवते. दूरस्थ नोकरीवरच्या निवासात हे उलटे होते. जाण्याचा निर्णय कर्मचाऱ्याचा, अर्ज त्याच्या नावाचा, खर्च त्याच्या खिशातला. कंपनीने फक्त ‘हरकत नाही’ म्हणायचे असते. हे ‘फक्त’ किती जड आहे ते पुढे येईल.

असे परवाने मोठ्या प्रमाणावर निघाले ते कोविडच्या साथीत. पर्यटक थांबले होते, पण घरून काम करणारे पगारदार जगभर तयार झाले होते. बार्बाडोसने जुलै 2020 मध्ये बारा महिन्यांची ‘वेलकम स्टॅम्प’ योजना काढली, पुढच्याच महिन्यात एस्टोनियाने आपला व्हिसा आणला आणि ऑक्टोबरमध्ये दुबईने एक वर्षाचा कार्यक्रम जाहीर केला. क्रोएशिया, ग्रीस, मलेशिया, इटली वगैरे मागाहून आले. यांतल्या बऱ्याच योजना मुक्कामाच्या आहेत, निवासाच्या नाहीत. वर्ष संपले की सामान आवरायचे. तो काळ पुढे कायमस्वरूपी निवासासाठी मोजतीलच असे नाही. एस्टोनियाच्या बाबतीत आणखी एक गोंधळ होतो. त्या देशाची 2014 पासूनची ‘ई-रेसिडेन्सी’ ही केवळ डिजिटल ओळख आहे. तिच्यावर कंपनी काढता येते, सही करता येते. राजधानी तालिनमध्ये एक रात्रही राहता येत नाही.

खऱ्या अर्थाने निवासाकडे नेणाऱ्या योजनांत पोर्तुगाल आणि स्पेन यांच्या योजना ठळक आहेत. पोर्तुगालने 2007 च्या परकीय नागरिक कायद्यात ऑगस्ट 2022 मध्ये दुरुस्ती केली आणि 30 ऑक्टोबर 2022 पासून दूरस्थ कामासाठी वेगळा व्हिसा सुरू झाला. लोक त्याला ‘डी-8’ म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत. एक तात्पुरत्या मुक्कामाचा, वर्षभरापर्यंतचा. दुसरा निवासाचा: त्यात आधी चार महिन्यांचा व्हिसा मिळतो, त्यावर पोर्तुगालला पोहोचायचे आणि तिथल्या कार्यालयात हजर राहून दोन वर्षांचा निवास परवाना घ्यायचा, जो पुढे तीन वर्षांसाठी वाढवता येतो. व्हिसाचा अर्ज पोर्तुगालबाहेरूनच करावा लागतो. पर्यटक म्हणून उतरून, काम दाखवून मागाहून कागद नियमित करून घेण्याची जी वाट त्या देशात होती, ती 3 जून 2024 रोजी सरकारने बंद केली. स्पेनचा नियम इथे वेगळा आहे. डिसेंबर 2022 च्या स्टार्टअप कायद्याने आलेली परवानगी परदेशातल्या वकिलातीतून एक वर्षाच्या व्हिसाच्या रूपाने मिळते, पण कायदेशीररीत्या स्पेनमध्ये असलेल्या माणसाला तिथूनही अर्ज करता येतो आणि मग ती तीन वर्षांपर्यंतची असते.

उत्पन्नाच्या अटीत भारतीय अर्जदार पहिल्यांदा अडकतो. पोर्तुगालला दरमहा उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या चौपट लागते. योजना आली तेव्हा किमान वेतन 705 युरो होते, म्हणून अट 2,820 युरोंची. 2025 मध्ये वेतन 870 झाले आणि अट 3,480 वर गेली. 2026 साठी 920 चा चौपट, 3,680. एक युरो शंभर रुपयांना धरला तर महिन्याला 3 लाख 68 हजार, वर्षाला 44 लाखांच्या वर. स्पेनची अट किमान वेतनाच्या दुप्पट, म्हणजे 2025 मध्ये महिन्याला सुमारे 2,760 युरो. हे आकडे ज्याच्या डोळ्यांसमोर ठरले तो अर्जदार डॉलर किंवा पौंडात कमावणारा होता, हे उघड आहे. हिंजवडीच्या कंपनीतून रुपयांत पगार घेणाऱ्याला तिथली वरची पायरी गाठावी लागते. शिवाय किमान वेतन दर वर्षी वाढते आणि रुपया घसरला तर पगार न बदलताही माणूस अटीखाली जातो. कुटुंब सोबत असेल तर रक्कम आणखी चढते. ज्याच्या जोडीदाराला तिकडे नोकरी किंवा संशोधनवृत्ती मिळाली आहे, त्याने या वाटेला लागण्याआधी कुटुंब एकत्रीकरणाचा परवाना पाहावा. तो काही वेळा सोपा पडतो आणि त्यावर कामही करता येते.

बाकीचे कागद कंटाळवाणे असले तरी सरळ आहेत. पोलीस पडताळणीचा दाखला, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट कार्यालयातून मिळतो. त्यावर आणि पदवी, विवाह, जन्म अशा दाखल्यांवर ‘अपोस्टिल’ हा परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का घ्यायचा. भारत 2005 पासून हेग अपोस्टिल कराराचा सदस्य असल्याने हा शिक्का बसला की वकिलातीकडून वेगळे प्रमाणीकरण लागत नाही. स्पेनला यावर शपथबद्ध अनुवादकाचे भाषांतर हवे असते. क्रम मात्र चुकवू नये: आधी अपोस्टिल, मग भाषांतर, कारण शिक्क्याचेही भाषांतर लागते. घाईत उलटे करणारे दुसऱ्यांदा पैसे भरतात.

खरा कागद एकच, कंपनीचे पत्र. एचआर विभागाकडे ‘घरून काम करण्याची मुभा आहे’ असा तयार मजकूर असतो. तो इथे चालत नाही, कारण ‘घर’ कोथरूडमध्ये आहे असेच त्यातून निघते. पत्रात पद, रुजू झाल्याची तारीख, पासपोर्टवरचे पूर्ण नाव आणि वेतन असावे लागते आणि मुख्य म्हणजे काम भारताबाहेरून, अमुक देशातून करण्यास कंपनीची संमती आहे हे नेमक्या शब्दांत असावे लागते. स्पेन तर कंपनीचीच उलटतपासणी करतो: ती निदान एक वर्ष चालू हवी, कर्मचाऱ्याशी तिचे नाते निदान तीन महिन्यांचे हवे आणि कर्मचारी पदवीधर किंवा तीन वर्षांचा अनुभवी हवा. अर्ज माणसाच्या नावाचा असला तरी परीक्षेला बसते ती कंपनी. परकीय सरकारच्या मंजुरीपेक्षा स्वतःच्या एचआरची सही मिळायला जास्त दिवस लागतात, ते त्यामुळेच.

कंपनी बिचकते त्याला कारणे आहेत आणि ती केवळ लहरी नाहीत. पहिले म्हणजे ‘कायम आस्थापना’. भारताचे पोर्तुगाल आणि स्पेन या दोघांशीही दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार आहेत आणि त्यांतल्या व्याख्येप्रमाणे एखाद्या देशात कंपनीची ठरावीक धंद्याची जागा असेल तर तिच्या तेवढ्या नफ्यावर तो देश कर लावू शकतो. लिस्बनमधल्या भाड्याच्या खोलीत बसून कोड लिहिणाऱ्यामुळे ती खोली कंपनीची शाखा ठरते का? साध्या अभियंत्याच्या बाबतीत उत्तर बहुधा ‘नाही’ असते. पण तोच माणूस तिथे ग्राहक मिळवू लागला, कंपनीतर्फे करार ठरवू लागला, तर उत्तर फिरू शकते. कंपनीचा कर सल्लागार एवढे ऐकूनच नकारार्थी मान हलवतो.

दुसरे कारण सामाजिक सुरक्षेचे. माणूस जिथे काम करतो तिथे वर्गणी भरावी, हा युरोपातला सर्वसाधारण नियम. पोर्तुगालमध्ये ती मालकाकडून पगाराच्या 23.75 टक्के आणि कर्मचाऱ्याकडून 11 टक्के असते. भारत आणि पोर्तुगाल यांच्यात सामाजिक सुरक्षा करार 2017 पासून लागू आहे. भविष्य निर्वाह निधी संघटनेचे ‘कव्हरेज’ प्रमाणपत्र असले तर इथला पीएफ चालू ठेवून तिथली वर्गणी ठरावीक काळ टळते. पण करार लिहिला आहे तो मालकाने ‘पाठवलेल्या’ कर्मचाऱ्यासाठी, म्हणजे आपल्या ऑनसाइटवाल्यासाठी. जो स्वतःच्या मर्जीने गेला त्याला ‘पाठवला’ म्हणायचे का, यावर दोन्हीकडचे कारकून डोके खाजवतात. स्पेनशी भारताचा असा करार लागू नाही. तिथे कंपनीने स्पॅनिश सामाजिक सुरक्षेत नोंद करावी, नाही तर कर्मचाऱ्याने राजीनामा देऊन स्वतंत्र व्यावसायिक म्हणून त्याच कंपनीला बिले पाठवावीत, अशी वाट उरते. दुसरा पर्याय कंपन्यांना आवडतो. माणसाचे पीएफ, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा मात्र त्यात जातात, हे सही करताना फारसे कोणी बोलत नाही.

कराचा हिशेब दिवसांवर चालतो आणि दोन देशांची वर्षे जुळत नाहीत. भारताचे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीयाचे त्या वर्षातले इथले वास्तव्य 182 दिवसांपेक्षा कमी भरले तर तो करापुरता अनिवासी होतो. स्पेन जानेवारी ते डिसेंबर मोजतो आणि 183 पेक्षा जास्त दिवस झाले की आपला रहिवासी धरतो. पोर्तुगालही 183 दिवस पाहतो, पण कोणत्याही सलग बारा महिन्यांतले; शिवाय कायमचे राहते घर तिथे असेल तर दिवस कमी भरूनही धरू शकतो. काम जिथे बसून होते तिथे पगारावर कर, हे दुहेरी करआकारणीच्या करारातले मूळ तत्त्व. पण पगार पुण्यातल्या खात्यात जमा होतो, कंपनी सवयीने टीडीएस कापत राहते आणि तिकडच्या कर कार्यालयालाही तोच पगार दाखवावा लागतो. सवलत मिळते, पण कर-रहिवासाचा दाखला जोडून, विवरणपत्र भरून, मागाहून. मधल्या काळात पैसे दोन्हीकडे अडकतात.

बँकेचे काम छोटे आहे, म्हणून ते विसरते. अनिश्चित काळासाठी किंवा नोकरीसाठी देश सोडला की परकीय चलन कायद्याने साधे बचत खाते ठेवता येत नाही. ते ‘एनआरओ’, म्हणजे अनिवासी भारतीयाचे रुपयांतले खाते, करून घ्यावे लागते. तिथून पैसे बाहेर पाठवायची मर्यादा आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलर आहे, म्हणजे पगारदाराला पुरून उरेल इतकी. त्रास मर्यादेचा नसून दर वेळी भरायच्या करविषयक फॉर्मचा आणि सनदी लेखापालाच्या दाखल्याचा असतो.

व्हिसा हातात आला तरी पोर्तुगालमध्ये निवासाचे कार्ड लगेच मिळेल असे नाही. जुनी स्थलांतर सेवा 2023 च्या ऑक्टोबरअखेर मोडून तिच्या जागी ‘आइमा’ ही नवी संस्था उभी राहिली आणि तिला वारशात सुमारे चार लाख तुंबलेली प्रकरणे मिळाली. गोव्यातल्या वाचकांनी हे प्रकरण आपल्या ओळखीच्या पोर्तुगीज कागदांशी मिसळू नये. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचे वंशज लिस्बनमध्ये जन्मनोंद करतात, ती वाट नागरिकत्वाची आहे आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने तिथे भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. निवास परवान्यात पासपोर्ट भारतीयच राहतो.

रोजच्या जगण्यात घड्याळाची अडचण सगळ्यांत मोठी ठरते. लिस्बन हिवाळ्यात भारताच्या साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार. पुण्यातली सकाळी दहाची ‘स्टँडअप’, म्हणजे रोजची छोटी आढावा बैठक, तिथे डिसेंबरात पहाटे साडेचारला आणि जूनमध्ये साडेपाचला. उलट दुपारी दोनपर्यंत दिवसाचे काम संपते, हे ज्यांना मानवते ते टिकतात.

आणि परवाना राखायलाही दिवस मोजावे लागतात. पोर्तुगालच्या तात्पुरत्या निवास परवान्याच्या मुदतीत सलग सहा महिने किंवा तुकड्यातुकड्यांनी मिळून आठ महिने सबळ कारणाशिवाय देशाबाहेर राहिल्यास तो रद्द होऊ शकतो. गणपतीला येऊन दिवाळी करून, मग चुलतभावाचे लग्न उरकूनच परत निघणाऱ्याने एक डायरी ठेवावी. तिच्यातल्या तारखा इथल्या आयकराला आणि तिथल्या आइमाला, दोघांनाही दाखवाव्या लागतात.