संघनिवडीसाठी मानांकन कोणत्या तारखेचे?

बुद्धिबळाच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेतील पहिल्या काही क्रमांकांना थेट राष्ट्रीय संघात घ्यायचे, हा रिवाज सोपा होता. पण त्यात एकाच स्पर्धेतील सूर जुळण्या-न जुळण्यावर सारे अवलंबून राही. आंतरराष्ट्रीय महासंघाने १९७० मध्ये एलो पद्धत, म्हणजे डावांच्या निकालांनुसार खेळाडूचे गुण वाढवणारी-घटवणारी पद्धत, स्वीकारल्यावर निवड समित्यांना दुसरा आधार मिळाला. (वृत्तपत्रे ‘मानांकन’ हा शब्द स्पर्धेतील क्रमवारीसाठीही वापरतात, येथे तो एलो गुणांपुरताच घेतला आहे.)

सुरुवातीला मानांकन यादी वर्षातून एकदाच निघत असल्याने कोणत्या तारखेचा आकडा धरायचा, हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. पुढे ती सहामाही, तिमाही, द्वैमासिक आणि जुलै २०१२ पासून मासिक झाली. यादी ताजी झाली की निवड अधिक न्याय्य होईल ही अपेक्षा स्वाभाविक होती, पण प्रत्यक्षात वादाला नवे निमित्त मिळाले. २४०० चा टप्पा ओलांडलेल्या खेळाडूचा गुणक, म्हणजे एका डावात त्याचे गुण किती हलतील हे ठरवणारा आकडा, १० असतो. २०० गुणांनी खालच्या प्रतिस्पर्ध्याला हरवले तर त्याला सुमारे २.४ गुण मिळतात, बरोबरी झाली तर २.६ जातात आणि हरल्यास ७.६. देशोदेशींच्या संघांच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये २००८ पासून संघात चार पटांवरचे चार खेळाडू आणि एक राखीव एवढ्याच जागा आहेत. पाचव्या जागेचा निकाल दोन-तीन गुणांवर लागणार असेल, तर निर्णायक यादी निघेपर्यंत पटावर न बसणे हाच शहाणपणा ठरतो. संघाला खेळता खेळाडू हवा आणि नियम मात्र थांबलेल्याला झुकते माप देतो, हे एकाच तारखेच्या यादीवर विसंबण्यातील खरे वैगुण्य होय.

त्यावर उपाय म्हणून अनेक महिन्यांची सरासरी आणि किमान डावांची अट पुढे आली. सरासरीने शेवटच्या महिन्यातील हिशेबीपणा बराच निष्प्रभ होतो. डावांची अट तितकी भक्कम नाही. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेच्या मानांकनाच्या जागेसाठी २०२२ मध्ये बारा महिन्यांत तीस डावांची अट होती, तेव्हा एका अव्वल खेळाडूने मार्च-एप्रिलमध्ये मायदेशात घाईने भरवलेल्या लढतींतून ती पूर्ण केली. यात नियमभंग नव्हता.

सरासरीचा तोटा झपाट्याने वर येणाऱ्या तरुणाला बसतो, कारण त्याचे सहा महिन्यांपूर्वीचे गुण त्याला मागे ओढतात. काही निवड समित्या म्हणूनच एखादी जागा स्वतःच्या अखत्यारीत राखून ठेवतात.